रिठा की वेट क्लीनिंग?

ड्रायक्लीनिंगमध्ये पाण्याऐवजी वापरतात ते पर्क (पर्क्लोरोएथिलीन) हे द्रव्य कर्करोगाच्या संशयित यादीत १९९५ पासून आहे, आणि अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करायचा नियम केला. आपल्याकडे ‘पेट्रोल वॉश’ म्हणून चालतं ते ड्रायक्लीनिंग खनिज तेलाचं. पर्कऐवजी आलेलं डी-५ हे सिलिकॉनवालं द्रव्य पर्यावरणाला बरं म्हणून गाजलं, पण २०१८ मध्ये युरोपने त्यालाही चिंताजनक द्रव्यांत बसवलं. द्रवरूप कार्बन डायऑक्साइडने कपडे साफ करणारं मशीन मला रत्नागिरीत कुठे दिसलं नाही. तेव्हा आपल्यापुरते पर्याय दोनच, आणि दोन्ही पाण्याचे: घरचा रिठा किंवा शहरातलं वेट क्लीनिंग, म्हणजे खास मशीनमधली हलकी पाण्याची धुलाई.

मला पाण्याकडे वळवलं ते पर्यावरणाने नव्हे, खरं सांगायचं तर घामाने. गणपतीत आरतीच्या गर्दीत घातलेला टसरचा सदरा ड्रायक्लीन करून आणला. कोरा करकरीत दिसत होता. दिवाळीत इस्त्री फिरवली आणि काखेतला वास जागा झाला. वर डागाची पिवळी चंद्रकोर. आई म्हणाली, “अरे, घाम पाण्यानंच जायचा.” बरोबरच होतं तिचं. ड्रायक्लीनिंगचं द्रव्य तेलकटपणा काढतं, घामातलं मीठ नाही. चांगला दुकानदार आधी डागांवर पाण्याचा हात फिरवतो म्हणतात. आमच्याने फिरवला नसावा. त्यात सदरा दोन महिने प्लॅस्टिकच्या कव्हरात. आपल्या हवेत ते कव्हर म्हणजे बुरशीला आमंत्रणच.

वेट क्लीनिंग जर्मनीत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रुजलं. ड्रम जेमतेम डुलतो, साबण सौम्य, वाळवण्याची आर्द्रता मशीन सांभाळतं. अस्तराचा कोट, लोकरीची शाल यांना मी तेच सुचवीन. फक्त दुकानात नीट विचारून घ्या, कारण काही जण नुसत्या हातधुलाईलाही तेच नाव देतात. माझा कोट पुण्याला जातो आणि कुणी येणारा सापडेपर्यंत तिथेच राहतो.

रेशमाला मात्र मी रिठाच वापरतो. आठ-दहा रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी बिया काढून कुस्करायचे, पाणी दोनदा गाळायचं. फेस डोळ्यांत गेला तर झोंबतो. पिळायचं नाही, पंच्यात गुंडाळून दाबायचं आणि पडवीत सावलीला टाकायचं. पांढरं रेशीम किंचित मळकट होतं, हे कबूल. आषाढात तर हा खटाटोप करूच नये, माझी एक साडी दोन दिवस ओलीच राहून कुबट झाली. पण तो सदरा तीन धुण्यांत घामाच्या वासातून सुटला. चंद्रकोर फिकी झाली, गेली नाही.

पैठणी असेल तर आधी पदराच्या आतल्या बाजूला ओला पांढरा रुमाल घासून बघा. रुमालावर रंग उतरला, तर माझं काही ऐकू नका.