ओढ्यापर्यंत उतरायचंय: लिंगमळा की वजराई?

साताऱ्याहून सकाळी निघायचं, जंगलातून थोडं उतरायचं, वाहतं पाणी गाठायचं आणि रात्रीच्या जेवणाला घरी. असा बेत ठरला की आमच्याकडे वाद या दोन धबधब्यांवर येतो. दोन्हीकडे बऱ्याचदा गेलोय, म्हणून लिहितोय.

महाबळेश्वरजवळच्या लिंगमळ्याचं पाणी वेण्णेचं, खाली माहुलीला कृष्णेत मिळणारं. वाट रुळलेली, चुकायची भीती नाही, डोक्यावर जांभूळ-अंजनाची गर्द सावली. चालायची सवय नसलेलं कुणी बरोबर असेल, तर मी आजही तिकडेच नेईन.

पण तिथं बसता येत नाही. एका रविवारी मुलीला घेऊन पाण्यापाशी पोहोचलो, एक बरा दगड पाहून टेकलो, तर मागून आवाज आला, "काका, जरा सरका, फोटो काढायचाय." सरकलो. मग दुसरे आले, मग तिसरे. कुणीतरी स्पीकर लावला. वीस मिनिटांत चार दगड बदलले आणि डबा न उघडताच वर आलो. ओढ्याकाठी घटकाभर बसायलाच तर एवढं उतरायचं ना?

भांबवलीचा वजराई कासच्या पुढे, पाणी उरमोडीचं. भर पावसात तिथंही बसणं अवघडच, कारण जळवा. मुलीच्या पायाच्या बोटांमध्ये एक चिकटली होती, काडीएवढी बारीक. काढली तरी रक्त बराच वेळ थांबेना. जळूच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, घाबरायचं कारण नसतं, पण पोर रडायची ती रडलीच. पुढच्या वेळी सप्टेंबर सरता सरता गेलो. जळवा विरळ झाल्या होत्या, पाणी भरपूर होतं. भाकरी-ठेचा काढून निवांत बसलो. एक खेकडा मुलीच्या चपलेवर चढला आणि ती श्वास रोखून बघत राहिली. उठा म्हणणारं कुणी नव्हतं.

प्रत्येकाला असाच अनुभव येईल असं नाही. मंगळवार-बुधवारी लिंगमळाही शांत असू शकेल. तरी मला विचाराल तर वजराई. फुलांच्या हंगामात कासचा रस्ता तुंबतो, तेव्हा सातच्या आत निघा. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी जवळ असू द्या. वर पठारावर सर कोसळली की ओढा बघता बघता फुगतो, त्यामुळे पाणी गढुळलेलं दिसलं की डबा आवरून लगेच वर या.