जर्मनी की जपान? नाशिकच्या पदवीधराने पैसे भरण्याआधी तपासायच्या गोष्टी

मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा कॉम्प्युटरचं शेवटचं वर्ष सुरू झालं की घरात परदेशी शिक्षणाचा विषय निघतो. अमेरिका-इंग्लंडच्या शुल्काचे आकडे ऐकले की गाडी बहुतेक वेळा जर्मनी आणि जपानवर येते. दोन्ही पर्याय चांगले आहेत, पण ते एकाच मुलासाठी सारखे चांगले नसतात. जर्मनी सुरुवातीलाच गुण आणि एकरकमी पैसा मागते, भाषेचा प्रश्न नंतर उभा राहतो. जपान आधी भाषा आणि वेळ मागतं. पैसा तुलनेने सावकाश लागतो, पण तो कुठून आला याचा कागदोपत्री माग द्यावा लागतो. तुमच्याकडे यातलं आज काय आहे, इथून विचार सुरू करा.

गुण आणि पदवी

जर्मन विद्यापीठं आपले गुण त्यांच्या १ ते ४ च्या मापात बसवतात. तिथे १ सर्वोत्तम. सूत्र असं: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेचे किमान गुण यांच्या फरकाने भागा, ३ ने गुणा आणि १ मिळवा. दहाच्या मापात किमान ४ धरलं, तर सीजीपीए ८ चे जर्मन गुण २.० होतात आणि ७ चे २.५. इंग्रजी माध्यमाच्या बऱ्याच मास्टर्स अभ्यासक्रमांची रेषा २.५ च्या आसपास असते. म्हणजे सीजीपीए साडेसहा असेल, तर अर्ज करण्याआधी प्रत्येक अभ्यासक्रमाची अट वाचलीच पाहिजे. विद्यापीठ किमान गुण कोणते धरतं, त्यावरही आकडा हलतो.

जपानमध्ये मास्टर्सचं गणित माणसावर जास्त फिरतं. आधी तुमच्या विषयात काम करणारा प्राध्यापक शोधायचा, संशोधनाचा आराखडा लिहायचा आणि त्याची संमती मिळवायची. अनेक जण आधी ‘केन्क्यूसेई’, म्हणजे पदवीविना संशोधक विद्यार्थी म्हणून जातात आणि तिथे राहून प्रवेशपरीक्षा देतात. एकच मजकूर पन्नास प्राध्यापकांना पाठवला तर उत्तर येत नाही. त्या प्रयोगशाळेचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध वाचून लिहिलेल्या पत्राला मात्र बऱ्याचदा येतं.

बीएस्सी, बीकॉमवाल्यांनी एक अट आधीच पाहावी. जपानी मास्टर्सला १६ वर्षांचं शिक्षण लागतं. बारावी अधिक तीन वर्षांची पदवी म्हणजे १५ च होतात. अशा वेळी विद्यापीठाकडून पात्रतेची वेगळी छाननी करून घ्यावी लागते आणि तिची मुदत मुख्य अर्जाच्या आधी संपते. ही तारीख हुकली की वर्ष गेलं. जर्मनीत तीन वर्षांच्या पदवीवर अनेक ठिकाणी दार उघडं असतं, पण युरोपीय मापाची २१० क्रेडिट (तीन वर्षांच्या पदवीची साधारण १८० होतात) मागणारे अभ्यासक्रम तिथेही अडवतात.

पैसा

जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही. सत्राचं अंशदान साधारण १०० ते ४०० युरो. याला अपवाद आहेत आणि ते नेमके नावाजलेले आहेत: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, तर म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ पासून सत्राला २,००० ते ६,००० युरो शुल्क लावलं आहे. खरा भार ‘ब्लॉक्ड अकाउंट’चा, म्हणजे राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्याचा. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे. युरो शंभर रुपयांना धरला तर जवळपास १२ लाख, तेही व्हिसाच्या आधी एकदम. हे पैसे बुडत नाहीत, तिथे गेल्यावर दरमहा ९९२ युरो या हिशोबाने तुम्हालाच मिळतात. पण कर्ज मंजूर व्हायला उशीर झाला तर व्हिसाची तारीख हातची जाते. त्याशिवाय एपीएस प्रमाणपत्राचे, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं जर्मनीसाठी पडताळल्याच्या दाखल्याचे, १८,००० रुपये. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते सक्तीचं आहे. अनेक विद्यापीठांचे अर्ज एकत्र घेणाऱ्या युनि-असिस्टमार्फत अर्ज केला तर पहिल्याला ७५ आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो.

जपानच्या राष्ट्रीय विद्यापीठांचं प्रमाण शुल्क वर्षाला ५,३५,८०० येन आणि प्रवेशशुल्क एकदाच २,८२,००० येन. काही विद्यापीठांनी यात वाढ केली आहे. येन साठ पैशांना धरला तर पहिल्या वर्षी शुल्कापोटी पाच लाखांच्या आत बसतं, राहणं-खाणं वेगळं. शुल्कमाफीसाठी अर्ज करता येतो. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती मिळाली तर शुल्क माफ, विमानभाडं आणि मास्टर्सला दरमहा १,४४,००० येन. चुरस तीव्र आहे, तरी गुण चांगले असतील तर अर्ज न करणं हे स्वतःचंच नुकसान.

शेतकरी कुटुंबांची खरी अडचण येते ती जपानला. तिथे आधी जपानी शिकायला भाषाशाळेत प्रवेश घ्यायचा तर शाळा तिथल्या इमिग्रेशनकडून वास्तव्याच्या पात्रतेचं प्रमाणपत्र मागते. तिथे खर्च उचलणाऱ्याच्या उत्पन्नाचे गेल्या काही वर्षांचे पुरावे तपासले जातात. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदाराकडे पैसा असतो, पण पगारपत्रक नसतं आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्रही बऱ्याचदा भरलेलं नसतं. अर्जाच्या आधल्या आठवड्यात नातेवाइकांकडून खात्यात आठ-दहा लाख जमा केले की अर्ज तिथेच संशयात येतो. त्यापेक्षा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, बाजार समितीतल्या किंवा व्यापाऱ्याच्या हिशोबपट्ट्या आणि त्या पैशाच्या बँकेतल्या नोंदी एकमेकांशी जुळतील अशा लावा, प्रत्येकाचं भाषांतर जोडा. आजोबांच्या नावावरचा सातबारा आणि वडिलांचं खातं असेल, तर नातं दाखवणारा कागदही हवा. ब्लॉक्ड अकाउंटच्या तुलनेत हे किचकट आहे. एकदम बारा लाख नसलेल्या पण दरवर्षी उत्पन्न असलेल्या घराला मात्र जपानचाच मार्ग जास्त पेलतो.

भाषा आणि शिकवणारे

‘जर्मनीत मास्टर्स इंग्रजीत असतं, भाषेची गरज नाही’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. प्रवेश इंग्रजीवर मिळतो, पण मध्यम आकाराच्या कारखान्यात कामाच्या बैठका जर्मनमध्ये होतात आणि बी२ पातळीशिवाय मुलाखतीपर्यंत पोचणं कठीण जातं (भाषेच्या पातळ्या चढत्या क्रमाने ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२). पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. त्यातले पहिले सहा महिने भाषा शिकण्यात घालवणं परवडत नाही. बी१ पर्यंत यायला साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात, त्या नाशिकमध्येच पूर्ण करून निघावं. मराठी माणसाला जर्मनची तीन लिंगं नवी नाहीत, पण ती वेगळी बसतात: आपलं टेबल नपुंसकलिंगी, त्यांचं पुल्लिंगी. म्हणून शब्द लिंगासकट पाठ करून घेणारा शिक्षक हवा.

जपानीत क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं आणि नामाला ‘ला’, ‘त’ यांसारखे प्रत्यय मागून लागतात, त्यामुळे सुरुवात सोपी वाटते. खरी दमछाक कांजी लिपीची. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत एन५ सर्वांत सोपी पातळी, एन१ सर्वांत अवघड; एन५ ला शंभरेक, एन२ ला सुमारे हजार चिन्हं. नोकरीसाठी एन२ ही रेषा धरा. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नाही, त्यामुळे एन३ चं प्रमाणपत्र असलेला मुलगा मुलाखतीत गप्प बसतो, असं घडतं. क्लास निवडताना पहिल्या महिन्यापासून किती वेळ बोलून घेतात, हे विचारा.

शिक्षकाचं स्वतःचं प्रमाणपत्र पाहण्यात संकोच नको. बी१ पर्यंत शिकवणाऱ्याकडे किमान सी१, एन४ पर्यंत शिकवणाऱ्याकडे किमान एन२ असावं. ‘तीन महिन्यांत ए१ ते बी१’ अशी जाहिरात असेल तर तासिका मोजा, गणित आपोआप समोर येतं. ग्योथे या जर्मन भाषासंस्थेची परीक्षा पुण्याच्या किंवा मुंबईच्या मॅक्समुल्लर भवनात द्यावी लागते आणि जागा लवकर भरतात. बी१ मध्ये वाचन, श्रवण, लेखन, संभाषण हे चार भाग वेगळे असतात. प्रत्येकात ६० टक्के लागतात आणि राहिलेला भागच पुन्हा देता येतो.

सल्लागार कोणाचा?

कॉलेज रोड-गंगापूर रोडवर एखाद्या सल्लागाराकडे गेलात, तर पहिला प्रश्न हा विचारा: तुम्हाला पैसे कोण देतं, मी की विद्यापीठ? जर्मनीची सरकारी विद्यापीठं सहसा दलाली देत नाहीत, खासगी देतात. म्हणून ‘मोफत मार्गदर्शन’ देणाऱ्याच्या यादीत खासगी संस्था भरलेल्या असतात आणि ‘जर्मनीत शिक्षण मोफत’ ऐकून गेलेला मुलगा वर्षाला दहा हजार युरो भरून बसतो. संस्थेला सरकारी मान्यता आहे का, ते अनाबिन या जर्मन माहितीकोशात स्वतः पाहा. तिथे ‘एच प्लस’ हा शेरा हवा. जपानी भाषाशाळाही दलाली देतात. तिथे एप्रिल २०२४ पासून शाळांना मान्यता आणि शिक्षकांना राष्ट्रीय पात्रता देणारा नवा कायदा लागू झाला आहे. जुन्या शाळांना २०२९ पर्यंत सवलत आहे, म्हणून शाळेला नवी मान्यता मिळाली का आणि तिथून किती मुलं विद्यापीठात गेली, हे दोन्ही विचारा.

सल्लागार घ्याच, पण अर्जाची सगळी खाती तुमच्या ईमेलवर उघडा आणि पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. सल्लागाराच्या ईमेलवर खातं असलं की विद्यापीठाचं पत्र तुम्हाला कळतच नाही आणि वाद झाला तर अर्ज अडकतो. मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवू नका. गुणपत्रिकेत आडनाव आधी, पासपोर्टात वेगळी रचना, कुठे वडिलांचं नाव गायब, असा फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

काम आणि पुढचं

शिकताना जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, जपानमध्ये परवाना घेऊन आठवड्याला २८ तास. जपानमध्ये ही मर्यादा ओलांडली तर व्हिसाचं नूतनीकरण अडतं, आणि भाषाशाळेतल्या मुलांचा घात यातूनच होतो. घरी कमाईवर शुल्क भागेल असं सांगून निघू नका. कायम राहण्याच्या दृष्टीने जर्मनी सोपी: तिथली पदवी घेऊन दोन वर्षं पात्र नोकरी केली आणि बी१ व इतर अटी पूर्ण केल्या की कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. जपानमध्ये सर्वसाधारण अट दहा वर्षांची, शिक्षण, अनुभव, पगार यांना गुण देणाऱ्या कुशल मनुष्यबळाच्या योजनेत पुरेसे गुण असतील तर मात्र ती तीन किंवा एका वर्षावर येते.

तारखा

जर्मनीचं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. सर्वसाधारण शेवटची तारीख १५ जुलै असली, तरी इंग्रजी माध्यमाचे अनेक अभ्यासक्रम मार्च ते मेमध्येच बंद होतात. दिवाळीत एपीएस आणि आयईएल्टीएसची तयारी सुरू केली तर गाठता येतं. जपानची एप्रिलची भाषाशाळा धरायची तर अर्ज आधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत जातात. डिसेंबरच्या जेएलपीटीचा निकाल जानेवारीत लागतो, म्हणजे तो या अर्जाला कामाचा नाही. त्यासाठी जुलैच्या पहिल्या रविवारची परीक्षा द्यायची आणि तिचा फॉर्म त्याआधी काही महिने भरायचा. दिवाळीत जपानचा विचार सुरू करणाऱ्याने पुढच्या वर्षीचा ऑक्टोबरचा प्रवेशच धरावा.