बाहा कॅलिफोर्नियात पलापाचं 'बुकिंग' विकणाऱ्यांपासून सावध

मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पावर मुलेहे नावाचं गाव आहे. त्याच्या दक्षिणेला बाईया कोन्सेप्सियोन ही लांबलचक खाडी लागते. सांतिस्पाक, एल कोयोते, एल बुर्रो, एल रेकेसोन असे एकापाठोपाठ एक किनारे. हायवे अगदी लगत, गाडी थेट वाळूपर्यंत जाते, पाणी तळ्यासारखं शांत. वाळूवर जागोजागी पलापा उभे असतात, म्हणजे ताडाच्या झावळ्यांचे छोटे मांडव. मोकळा पलापा दिसला की गाडी लावायची, तंबू ठोकायचा. संध्याकाळी एक माणूस पावतीपुस्तक घेऊन येतो, त्याला पेसोमध्ये रोख द्यायचे. जो आधी येईल त्याची जागा. या किनाऱ्यांवरच्या पलापाचं आगाऊ बुकिंग कुणी तुम्हाला देऊ करत असेल, तर तो हवा विकतोय. आम्हाला ती विकली गेली. कशी, ते सविस्तर लिहितोय, कारण सुट्ट्या जवळ आल्या की भारतीयांच्या ग्रुपांवर "बाहाला जायचंय, स्वस्तात कसं करता येईल?" हा प्रश्न हमखास येतो आणि ही मंडळी त्याच प्रश्नाची वाट बघत असतात.

आम्ही चौघं, सॅन डिएगोच्या आसपास नोकरी करणारे. डिसेंबरअखेरची सुट्टी, एकाची स्वतःची गाडी, दोन तंबू, गॅसचा छोटा स्टोव्ह, कूलर. हॉटेल शक्यतो नाही, जेवण हातानं करायचं. आमच्यातल्या कोल्हापूरकरणीनं एका प्रवासी ग्रुपवर विचारलं की नाताळच्या आठवड्यात सांतिस्पाकला जागा मिळते का. तासाभरात एकाचा खाजगी मेसेज आला. इंग्रजी उत्तम. मी मुलेहेचाच, किनाऱ्याची व्यवस्था आमच्या कुटुंबाकडे आहे, म्हणाला.

हा माणूस जे बोलला त्यातलं बहुतेक खरं होतं. हिवाळ्यात कॅनडा आणि अमेरिकेतून निवृत्त मंडळी मोठमोठ्या आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या, घेऊन येतात आणि महिनोन् महिने मुक्काम ठोकतात, हे खरं. उत्तरेचा वारा सुटला की तंबू उडायला बघतो, म्हणून पलापाची कुठली बाजू घ्यावी, हे त्यानं सांगितलं, तेही खरं. किनाऱ्यावर पिण्याचं पाणी नाही, मुलेहेतून भरून न्या, हेही खरं. एवढं सगळं बरोबर सांगणाऱ्यावर संशय कुणाला येणार? शेवटी मात्र तो म्हणाला, "नाताळात दोनच पलापा उरलेत, आज रात्रीपर्यंत सांगा."

मग त्यानं एकेक पुडी सोडली. पलापाचे 160 डॉलर. 'फेडरल झोन परमिट'चे 35. गाडीचा मेक्सिकन विमा 95, "सीमेवर घ्याल तर दुप्पट पडेल." आणि आमचे पासपोर्ट भारतीय आहेत हे कळल्यावर चौथी पुडी निघाली: भारतीयांना एक खास 'एंट्री लेटर' लागतं, माणशी 25.

ते पत्र आम्ही घेतलं नाही. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. एफएमएम नावाचा पर्यटकांचा फॉर्म असतो, तो मेक्सिकोच्या इमिग्रेशनकडेच भरायचा, मधल्या माणसाचं त्यात काही काम नाही. आम्ही नाही म्हटल्यावर त्यानं अजिबात ओढून धरलं नाही. "ठीक आहे, काही जणांना लागतं," म्हणून विषय सोडला. हा सभ्यपणाच त्याला कामी आला. एका ठिकाणी नकार ऐकून घेतलेल्या माणसाच्या बाकीच्या तीन गोष्टी आपोआप खऱ्या वाटायला लागल्या.

परमिटचं खरं असं आहे की मेक्सिकोत समुद्रकिनारा कुणाच्या मालकीचा नसतो. तो राष्ट्राची मालमत्ता. भरतीच्या रेषेपासून आत 20 मीटरचा पट्टा संघीय क्षेत्र म्हणून ओळखला जातो. तिथे धंदा करायचा तर सरकारकडून परवाना घ्यावा लागतो, पण किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकाला नाही. लोकांची वाट अडवणाऱ्यांना दंड करणारी दुरुस्ती 2020 मध्ये कायद्यात झाली, ती हॉटेलवाले किनारे बंद करून बसत म्हणूनच. आमच्या 'परमिट'वर मात्र गरुडाचा शिक्का, मंत्रालयाचं लांबलचक स्पॅनिश नाव आणि बारकोड असं सगळं छान होतं.

पैसे झेल या ॲपवरून मागितले. झेल फक्त अमेरिकन बँकांच्या खात्यांमध्ये चालतं. मुलेहेत राहणाऱ्या माणसाचं खातं अमेरिकेत कसं, आणि नाव वेगळंच कसं, तर म्हणे लॉस एंजेलिसच्या चुलतभावाचं आहे. बाहात अनेकांचे नातेवाईक खरोखरच तिकडे असतात, त्यामुळे हेही खपून गेलं. ॲपवरून 290 डॉलर गेले आणि दहा मिनिटांत तीन पीडीएफ आल्या.

निघायच्या आदल्या रात्री सामान भरताना आमच्या नागपूरकरानं विम्याची पीडीएफ उघडली. हा पठ्ठ्या पुण्यात असताना विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरवर काम करायचा. दोन मिनिटं बघून म्हणाला, "याच्यात चासी नंबर काऊन नाही बे?"

खरंच नव्हता. गाडीचा नंबर होता, रंग होता, मालकाचं नाव होतं. चासी नंबर, ज्याला इकडे व्हिन म्हणतात, तो त्या माणसानं कधी विचारलाच नव्हता. त्याच्याशिवाय गाडीची पॉलिसी निघेल कशी? मग नागपूरकरानं पीडीएफवरचा फोन नंबर बाजूला ठेवला आणि त्या विमा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून नंबर काढून फोन लावला. हे फार महत्त्वाचं आहे. कागदावरच्या नंबरला फोन केला असता, तर दुसऱ्या बाजूला त्यांचाच माणूस "हो हो, पॉलिसी चालू आहे" म्हणाला असता. कंपनीतल्या बाईंनी नंबर तपासला आणि अशी पॉलिसी नाही म्हणून सांगितलं.

290 डॉलर चौघांत वाटले तर फार मोठी रक्कम नाही. पण हा कागद घेऊन आम्ही सीमा ओलांडली असती तर? अमेरिकेतला गाडीचा विमा मेक्सिकोत तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीसाठी धरला जात नाही, मेक्सिकोत परवाना असलेल्या कंपनीचाच लागतो, आणि संघीय महामार्गांवर तो सक्तीचा आहे. अपघातात कुणी जखमी झालं आणि भरपाईची हमी देता आली नाही, तर जबाबदारी ठरेपर्यंत ड्रायव्हरला अडकवून ठेवू शकतात. बाहाचा हायवे क्रमांक 1 बऱ्याच ठिकाणी अरुंद आहे, कडेला गाडी घ्यायला मोकळी पट्टी नाही, रात्री रस्त्यावर गुरं बसलेली असतात. खोट्या विम्यावर तिथे एक गाय आडवी आली असती तरी आयुष्याची घडी विस्कटली असती. त्यामुळे त्या माणसावरचा माझा राग पलापापेक्षा या विम्यासाठी जास्त आहे.

त्याला मेसेज केला. उत्तर आलं, "सिस्टिम अपडेट होतेय, सकाळपर्यंत दिसेल." सकाळी त्यानं आम्हाला ब्लॉक केलं होतं. खरा विमा आम्ही त्याच रात्री थेट कंपनीकडून ऑनलाइन घेतला. त्यांनी सगळ्यात आधी चासी नंबरच विचारला.

तेव्हा त्यानं पाठवलेले किनाऱ्याचे फोटोही पुन्हा नीट पाहिले. बुकिंग सांतिस्पाकचं आणि फोटोत मधोमध वाळूचा चिंचोळा पट्टा, पलीकडे बेट. ओहोटीला बेटाशी जोडणारा तो पट्टा एल रेकेसोनचा, सांतिस्पाकपासून दक्षिणेला बराच दूर. ही खाडी पाहिलेला कुणीही ते एका नजरेत सांगेल.

प्रवास मात्र केला. तिहुआनापासून मुलेहे सुमारे हजार किलोमीटर. एल रोसारिओला टाकी भरून घ्या, कारण त्यानंतर गेरेरो नेग्रोपर्यंत तीनशेहून जास्त किलोमीटर पंपाचा भरवसा नाही. मधे कातावीन्याला लोक पिंपांतून पेट्रोल विकतात, पण महाग.

पंपावरही डाव होतोच. आपल्याकडे पंपावरचा पोऱ्या "साहेब, झिरो बघा" म्हणतो, तिथे कुणी म्हणत नाही. तुम्हीच उतरून मशीन शून्यावर आहे का बघायचं. त्याहून चलाख प्रकार नोटांचा आहे. 500 पेसोची 2018 साली आलेली नोट निळी, तिच्यावर बेनितो हुआरेस. जुनी 20 ची नोटही निळी आणि तिच्यावरही हुआरेसच. तुम्ही 500 देता, माणूस क्षणभर वळतो आणि हातात 20 दाखवून म्हणतो, पैसे कमी आहेत. आमच्यावर हा प्रयोग झाला, पण कोल्हापूरकरीण नोट देतानाच मोठ्यांदा "किनियेंतोस", म्हणजे पाचशे, म्हणाली होती, आणि शेजारच्या ट्रकवाल्यानं ऐकलं होतं. पोरगा हसला आणि उरलेले परत दिले. हाताला फरक कळतो: 20 ची ती नोट प्लास्टिकची आणि आखूड आहे, 500 ची कागदी आणि लांब.

सांतिस्पाकला पोचलो तर चार-पाच पलापा रिकामे. संध्याकाळी पावतीवाले काका आले, गाडीमागे रात्रीचे अडीचशे पेसो घेतले. आमचं छापील बुकिंग त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि शेजारच्या आरव्हीतल्या कॅनडाच्या आजोबांना दाखवायला घेऊन गेले. आजोबा दरवर्षी येतात. म्हणाले, असे कागद घेऊन लोक येतातच. मागे एक कुटुंब तर दुसऱ्याच्या पलापासमोर उभं राहून भांडत होतं की ही जागा आमची आहे, पैसे भरलेत.

परत आल्यावर पैशांचा पाठपुरावा केला. झेलचा व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलाय, त्यामुळे परतावा नाही, असं बँकेनं कळवलं. क्रेडिट कार्डानं दिले असते तर माल न मिळाल्याचा वाद घालता आला असता. झेल मागण्याचं कारणच ते. एफटीसी या अमेरिकेच्या ग्राहक-संरक्षण संस्थेच्या रिपोर्टफ्रॉड संकेतस्थळावर आणि एफबीआयच्या आयसीथ्री या इंटरनेट-गुन्हे तक्रार केंद्राकडे तक्रारी टाकल्या, खात्यावरच्या नावासकट. ग्रुपच्या ॲडमिनला स्क्रीनशॉट पाठवले. त्यानं प्रोफाइल काढून टाकलं. पंधरवड्यानं एल रेकेसोनचा तोच फोटो दुसऱ्या नावानं, दुसऱ्या ग्रुपवर दिसला, ईस्टरच्या सुट्टीसाठी. आता पलापा 190 डॉलरला आहे आणि विमा 'मोफत'.