पेट्रोलचे पैसे सरकार वापस देते म्हणे

मी एका बियाणे कंपनीत फिल्डवर आहे. पट्टा यवतमाळ जिल्ह्यातला, घाटंजीकडून पांढरकवड्यापर्यंत. कंपनी महिन्याला ठरावीक किलोमीटरचेच पैसे देते, आणि जून ते ऑक्टोबर ते किलोमीटर वीस तारखेच्या आतच संपतात. पुढचं पेट्रोल खिशातून. शेतकरी मेळाव्यात शंभर माणसं आली आणि मंजुरी पन्नासची असली, तर उरलेल्यांचा चहा-आलुबोंडाही खिशातून. हे सगळं मी डायरीत लिहून ठेवतो. २०२२-२३ या वर्षाची बेरीज निघाली ५३,८६० रुपये.

एवढं सांगायचं कारण म्हणजे माझी तक्रार खरी होती. खोटा माणूस खऱ्या तक्रारीलाच हात घालतो.

तहसीलजवळ एक ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, पॅनकार्ड, सगळी कामं तिथं. जुलै २०२३ मध्ये फॉर्म १६, म्हणजे कंपनीनं दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, घेऊन गेलो. त्यात माझा २३,४०० रुपये टीडीएस, म्हणजे पगारातूनच आधी घेतलेला कर, कापलेला. सेंटरवाल्याला सहज म्हटलं, एवढा खर्च पदरचा होतो आणि वरून टॅक्सही भरा. त्यानं डायरी मागितली. पानं चाळली नाहीत, थेट शेवटचा आकडा पाहिला.

"हे पैसे तं तुमचेच आहेत भाऊ. नोकरीसाठी खर्च केला ना? मंग त्याच्यावर टॅक्स कायचा? सरकार वापस देते. तुमाले कोनं सांगतलंच नसन."

फी विचारली तर म्हणाला, आधी काहीच नको, रिफंड आला की वीस टक्के. तिथंच मी उठायला हवं होतं. रिटर्न भरायची मजुरी रिफंडवर ठरवणारा माणूस रिफंड वाढवणारच. पण मला वाटलं, बापा, किती भला माणूस, पैसे नाही आले तर फुकट काम करतो.

दोन दिवसांनी मी एका पऱ्हाटीच्या वावरात उभा होतो, शेतकऱ्याला डोस समजावून सांगत. फोन आला. "भाऊ, आधारचा ओटीपी आला असन, सांगा लवकर, खतम होते तो." सांगितला. सहा आकडे. ती माझी सही होती, आणि खाली काय लिहिलंय ते मी पाहिलंच नव्हतं.

तीन आठवड्यांत पूर्ण २३,४०० खात्यात. त्याचे ४,६८० मी फोनपेनं पाठवले, तेही त्यानं सांगितलेल्या दुसऱ्याच कुणाच्या नंबरवर. पावती नाही. उलट मीच आमच्या दोन सहकाऱ्यांना त्याच्याकडे पाठवलं. त्याची लाज अजून जात नाही.

पुढच्या वर्षी घरावर स्लॅब टाकायचा म्हणून कर्ज काढायला गेलो. बँकेनं रिटर्नची पूर्ण प्रत मागितली. सेंटरवाला नुसती एका पानाची पोच देत होता, बाकी "उद्या देतो". शेवटी यवतमाळच्या एका सीए मॅडमकडे गेलो. पोर्टलवर पासवर्ड बदलायला गेलो तर प्रोफाइलमधला ईमेल माझा नव्हताच. माझ्या नावापुढे चार आकडे जोडून त्यानं भलताच आयडी बनवला होता. मोबाइलही त्याचाच. म्हणजे खात्याकडून काहीही आलं तरी ते त्याच्या डब्यात पडणार. आधारच्या ओटीपीनं आम्ही आत शिरलो.

पेट्रोल कुठंच नव्हतं. कलम ८०जीजीसीखाली राजकीय पक्षाला देणगी ३०,०००, आणि घरभाड्याची सूट २४,०००. दोन्ही मिळून ५४,०००. माझ्या डायरीतला आकडा गोल करून त्यानं दोन खोट्यांत वाटून टाकला होता. त्यानं उत्पन्न ४,९६,००० वर आलं. कर मोजायच्या दोन पद्धती आहेत, जुनी आणि नवी; जुन्या पद्धतीत पाच लाखांपर्यंत कर शून्य होतो, म्हणून सगळा टीडीएस परत. मी आजवर कुठल्या पक्षाला पावतीचे एकावन्न रुपये दिले नाहीत. आणि भाडं? बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मले कवा देल्लं रे भाडं?"

मॅडमनी जे समजावलं ते मला कुणी आधी सांगायला हवं होतं. नोकरदाराला पदरच्या खर्चाची वजावट आपल्या कायद्यात नाही. पगारातून वजा होते ती सगळ्यांना सारखी प्रमाणित वजावट (तेव्हा ५०,०००, २०२४-२५ पासून नव्या पद्धतीत ७५,०००) आणि जुन्या पद्धतीत व्यवसाय कर. तुम्ही पेट्रोलवर पाच हजार जाळा की पन्नास हजार, फरक शून्य. माझ्या मेहुण्याचं कृषी केंद्र आहे, तो दुकानाच्या कामाचं पेट्रोल खर्चात धरतो, कारण त्याचा धंदा आहे. माझी नोकरी. वाट एकच, कंपनीनंच कामाच्या प्रवासाचा भत्ता द्यायचा. तो प्रत्यक्ष खर्च झाला तेवढा करमुक्त असतो. मागायचं ते कंपनीकडे, सरकारकडे नाही.

मग सुधारित नव्हे, अद्ययावत रिटर्न भरलं, आयटीआर-यू म्हणतात ते. जुलै २०२४. परत घेतलेले २३,४००, दर महिन्याला एक टक्का व्याज, आणि या दोन्हींच्या बेरजेवर २५ टक्के जादा. साधारण ३४ हजार गेले. उशीर केला असता तर ही जादा टक्केवारी वाढत जाते. आणि तेव्हाच्या नियमात खात्यानं तपासणी सुरू केली की हा दरवाजाच बंद होता. मग चुकीची माहिती दिली म्हणून बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड लागू शकतो. तो रिटर्न भरून देणाऱ्याला नाही, ज्याच्या नावाचं रिटर्न त्याला.

मॅडमनी त्याच बैठकीत २०२३-२४ चं रिटर्नही भरलं. माझा पगार ७,२०,०००. नव्या पद्धतीत पन्नास हजार वजा जाता ६,७०,०००, आणि त्या वर्षी सात लाखांपर्यंत कर शून्य होता. कंपनीनं जुन्या पद्धतीनं कापलेला ३०,१६० टीडीएस पूर्ण परत आला, एकही खोटी ओळ न लिहिता. फी पाचशे रुपये. सेंटरवाल्याकडे गेलो असतो तर त्यानं याच रिफंडातून सहा हजार घेतले असते, आणि पुन्हा कुठल्या तरी पक्षाला माझ्या नावानं देणगी दिली असती.

१४ जुलै २०२५ ला आयकर खात्यानं देशभरात १५० ठिकाणी अशांवर कारवाई केली. खात्याच्या निवेदनात तात्पुरते ईमेल आयडी आणि न वाचलेल्या नोटिसा यांचाही उल्लेख होता. वाचताना मला तो चार आकड्यांचा आयडी आठवला.

तुमचं रिटर्न दुसऱ्यानं भरलं असेल तर आज रात्रीच पोर्टलवर जा. प्रोफाइलमध्ये ईमेल आणि मोबाइल कुणाचा आहे ते बघा, भरलेल्या रिटर्नची पूर्ण प्रत उतरवा, पोच नाही. वजावटीची एकेक ओळ वाचा. जिचा कागद तुमच्या घरात नाही, ती ओळ तुमची नाही. मी पाठवलेल्या दोन सहकाऱ्यांपैकी एकानं बघितलं, तोही भाडेकरू निघाला. दुसरा म्हणतो, "जाऊ द्या ना भाऊ, माह्या तं काही आलं नाही अजून." त्याचा ईमेल कुणाचा आहे, हे त्यानं अजून पाहिलेलं नाही.