रस्त्याच्या आवाजासाठी आतून बसवलेली दुसरी खिडकी: दहा महिन्यांचा वापर

जागा सातारा, वाढे फाटा ते शेंद्रे या पट्ट्यातला महामार्ग, सेवा रस्त्यालगतची इमारत, तिसरा मजला. बेडरूमची चार बाय चार फुटांची स्लायडिंग खिडकी थेट रस्त्याकडे. मूळ खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूने दुसरी बसवली आहे, काच ६.३८ मिमी लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेली). वापर ऑक्टोबर ते जुलै. ऊस हंगाम, उन्हाळा आणि पावसाळ्याची सुरुवात या काळात येऊन गेली, म्हणून आता बोलण्यात अर्थ आहे.

आधी निकाल. हॉर्न आणि टायरचा सूं-सूं आवाज जवळपास गेला. ट्रकची घरघर कमी झाली, पण आहे. उसाच्या ट्रॅक्टरवरचा डेक आजही छातीत वाजतो, त्यावर या खर्चात इलाज नाही.

काचेकडे वळण्याआधी फटी. आवाजाला भिंत अवघड जाते, फट सोपी. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का जागा उघडी राहिली, तर बाकी काच कितीही जाड असो, २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. चार बाय चारच्या खिडकीत एक टक्का म्हणजे २३ चौरस इंच. वाचायला मोठं वाटतं, पण चारही कडा आणि मधला इंटरलॉक (दोन पल्ले एकमेकांत अडकतात ती उभी कड) धरून वीस फूट लांबी होते, आणि त्यात दोन-दोन मिलिमीटरची फट राहिली की जवळपास तेवढंच भरतं. बिल्डरने लावलेल्या हलक्या सेक्शनच्या (फ्रेमच्या ॲल्युमिनियम पट्टीच्या) स्लायडिंगला एवढी फट असतेच. नवीन असतानाही.

फटी शोधायला अगरबत्ती पुरते. दारं बंद, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू, आणि अगरबत्ती कडेकडेने फिरवायची. धूर जिथे आत वाकतो तिथून आवाजही येतो. चार ठिकाणी हमखास सापडतं: पल्ल्यांच्या कडेला फट झाकणाऱ्या केसाळ पट्टीचा, म्हणजे ब्रशचा, दबलेला भाग, फ्रेम आणि ग्रॅनाइटच्या चौकटीमधली जागा (वरून सिलिकॉनची रेघ, आत पोकळ), एसीच्या पाइपचं भोक, आणि दाराखालची फट. नवा, उंच केसांचा ब्रश, फ्रेममागे पोकळी भरून मग सिलिकॉन, पाइपच्या भोकात पुट्टी आणि दाराला खाली रबर, एवढं एका दिवसाचं काम आहे आणि पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक यातच पडतो. ज्यांचा बजेट कमी आहे त्यांनी इथेच थांबून आठवडाभर झोपून बघावं. एक सांभाळा, खालच्या ट्रॅकमधली पाणी जाण्याची भोकं बुजवू नका. ती बुजली तर पहिल्याच वळवात ट्रॅक भरून पाणी आत येतं.

आता दुसरी खिडकी का, तयार डबल ग्लास का नाही? दुकानदार डबल ग्लासच दाखवतो, कारण ते कारखान्यातून बंद होऊन येतं आणि बसवायला सोपं. पण त्यात दोन काचांमधलं अंतर साधारण १२ मिमी असतं. दोन काचा आणि मधली हवा मिळून स्प्रिंगसारखं झुलतं. नेहमीच्या काचांना १२ मिमी अंतरावर हे झुलणं २०० हर्ट्झच्या (सेकंदाला २०० कंपांच्या) आसपास येतं, म्हणजे नेमकं अवजड गाडीच्या इंजिनाच्या आवाजात. त्या पट्ट्यात डबल ग्लास कधीकधी एकेरी जाड काचेपेक्षाही कमी अडवतं. अंतर १०० मिमी केलं की तेच झुलणं ७० हर्ट्झच्या आसपास उतरतं. त्यामुळे उष्णतेसाठी डबल ग्लास चांगलं, महामार्गासाठी चार इंचांची पोकळी चांगली.

ती चार इंच मिळवणं हाच खरा त्रास. सहा इंची भिंतीत मूळ खिडकी मध्यावर बसवलेली असेल, तर आत दोन इंचही उरत नाहीत. मग आतल्या बाजूने चौकट पुढे काढावी लागते. ती प्लायची केली तर कोपरे आणि भिंतीचा सांधा पक्का भरा, नाहीतर त्या चौकटीतूनच आवाज आत येतो. पोकळीच्या चार बाजूंना आतून पातळ ग्लासवूलची पट्टी, वर काळं कापड. काचेवर काही नाही. ग्रिल आतल्या बाजूला असेल तर आधी मोजमाप ग्रिलपासून घ्या, नंतर भांडण होतं.

काच बाहेरच्यापेक्षा वेगळ्या जाडीची हवी. प्रत्येक जाडीची काच एका ठराविक तीव्र स्वराला कमजोर असते: पाच मिमी साधारण २४०० हर्ट्झला, सहा मिमी २००० च्या आसपास. दोन्ही काचा सारख्या असल्या तर दोन्ही एकाच जागी हार मानतात. लॅमिनेटेडमधला पापुद्रा कंप खातो, म्हणून ६.३८. दोन बाय चारच्या एका पल्ल्याची काच साडेअकरा किलोच्या आसपास भरते, आणि इथे खिडकी बनवणारा फॅब्रिकेटर हमखास चुकतो. जुन्या सेक्शनचे साधे नायलॉनचे रोलर या वजनाला चपटे होतात, पल्ला एका बाजूला बसतो आणि वरच्या कोपऱ्यात तिरकी फट उघडते. बेअरिंगचे रोलर लिहून घ्या. जमत असेल तर आतली खिडकी स्लायडिंग न करता बिजागरीची करा. हँडल फिरवलं की पल्ला रबरावर दाबला जातो. स्लायडिंगचा ब्रश फक्त घासतो. पडदा आणि पलंग आडवे येत असतील तरच स्लायडिंग.

दहा महिन्यांत आलेल्या तक्रारी अशा. पोकळीत धूळ आणि मेलेली चिलटं साचतात, म्हणून आतली खिडकी पूर्ण उघडणारी हवी, स्क्रूने कायमची बसवलेली नको. जुलैमध्ये बाहेरच्या काचेवर दव धरलं. आतली घट्ट आणि बाहेरची थोडी श्वास घेणारी, असं असेल तर ते दिवसा सुकतं. उलट असेल तर बुरशी.

हवेचं काय, हा प्रश्न मात्र खिडकीपेक्षा मोठा. सगळं बंद केल्यावर पहाटेपर्यंत खोली कोंदट होते. मागच्या, शांत बाजूची खिडकी उघडी ठेवून बेडरूमचं दार बोटभर उघडं, असा मार्ग सगळ्यात स्वस्त. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तिथली जाळी कोणत्याही कारणाने बंद करायची नाही. आवाज येऊ दे, पण कार्बन मोनॉक्साइडला वाट हवीच.

जाड पडदे, अंडी ठेवायचे ट्रे, भिंतीवरचा स्पंज यांवर खर्च करू नका. ते खोलीतला घुमारा कमी करतात, बाहेरचा आवाज अडवत नाहीत. गॅलरीतल्या कुंड्यांचंही तेच. वरचा मजला शांत असतो ही समजूतही इथे टिकत नाही: तळमजल्याला कंपाउंडची भिंत आडोसा देते, तिसऱ्याला अख्खा रस्ता दिसतो.

ऋतूचा फरक लक्षात ठेवून चाचणी करा. थंडीत रात्री जमिनीजवळची हवा वरच्यापेक्षा गार असते, तेव्हा आवाज वर न जाता खाली वाकतो आणि दूरचा महामार्गही दाराशी आल्यासारखा वाटतो. त्यात उसाच्या गाड्या. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असतो, त्यामुळे रस्त्याच्या शहराकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूला आपोआप कमी ऐकू येतं. जूनमध्ये घर बघून शांत म्हणणाऱ्याला जानेवारीत कळतं. भाड्याने किंवा विकत घ्यायचं असेल तर डिसेंबरात, रात्री अकरानंतर तासभर खोलीत बसा. निवासी भागात रात्री दहा ते सहाची मर्यादा ध्वनी प्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार ४५ डेसिबल आहे, दिवसाची ५५. महामार्गालगत ती पाळली जाते या भरवशावर घर घेऊ नये. रात्री निवासी वस्तीत आणीबाणीशिवाय हॉर्नला बंदीही आहे, आणि वळणावरच्या प्रत्येक ट्रकला आणीबाणी असते.

मोबाइलच्या ॲपवरचा आकडा खरा धरू नका, पण त्याच फोनने, त्याच जागी ठेवून आधी आणि नंतर घेतलेला फरक खरा असतो. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो. फॅब्रिकेटरकडून कोटेशन घेताना काच, फ्रेम, रबर आणि बसवणं यांचे भाव वेगवेगळे मागा. एकत्र वर्गफुटाच्या भावात रबर नेहमी सगळ्यात हलकं निघतं, आणि दोन उन्हाळ्यांत ते कडक होऊन पुन्हा अगरबत्ती लावायची वेळ येते.