जिम की अंगण? कोकणातल्या बेसबॉल खेळाडूची पावसाळी तयारी

मृग लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातली मैदानं चार महिने गवताच्या आणि तांबड्या चिखलाच्या ताब्यात जातात. बेसबॉल खेळणाऱ्याला ताकद कमवायची तर हेच दिवस. मग प्रश्न येतो पैशांचा आणि एसटीच्या वेळेचा. तालुक्याच्या जिमची चार महिन्यांची फी भरावी, की तेवढ्यात घरीच रबर बँड, मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) आणि वाळूची पिशवी जमवावी?

आधी खेळ काय मागतो ते बघा. माउंडपासून (चेंडू फेकणाऱ्या पिचरचा उंचवटा) होम प्लेट (फटका मारणाऱ्याची जागा) 18.44 मीटरवर आणि एका बेसपासून दुसरा बेस 27.43 मीटरवर. सगळं काम दोन-चार सेकंदांच्या स्फोटाचं, मध्ये विश्रांती. चेंडूचा वेग पायांतून निघतो, कंबर आणि धड वळताना वाढतो आणि शेवटी हातात येतो. चांगल्या पिचरचा दंड त्या क्षणी सेकंदाला सुमारे 7000 अंश या गतीने आत फिरतो आणि चेंडू सुटल्यावर तोच हात खांद्याच्या मागचे छोटे स्नायू आवरतात. म्हणजे कामं दोन: रेटा देणं आणि ब्रेक लावणं. रेट्याला जड वजन लागतं. ब्रेकला एक किलोही पुरतं, पण ते चुकवून चालत नाही.

रेट्यासाठी जिम

इथे घरचं साहित्य जिमची बरोबरी करूच शकत नाही. पाय आणि कंबर मजबूत व्हायची तर वजन आठवड्याला अडीच-पाच किलोने वाढवता आलं पाहिजे, ते बारबेलवरच (टोकांना वजनं लावायचा लांब दांडा) जमतं. फी भरण्याआधी तीन गोष्टी पाहा: सेफ्टी पिन (बार निसटला तर अडवणाऱ्या सळया) असलेला, स्क्वॉटसाठीचा (वजन घेऊन बैठका) रॅक, 25-30 किलोपर्यंतचे डंबेल आणि डेडलिफ्टला (जमिनीवरून बार उचलायला) मोकळी जागा. ट्रेडमिल किती आहेत हे मोजत बसू नका.

आठवड्यात तीन दिवस. पहिले चार आठवडे स्क्वॉट आणि डेडलिफ्टचे 8 आवर्तनांचे 3 सेट, पुढचे चार आठवडे 5 आवर्तनांचे 4 सेट, प्रत्येक सेटनंतर दोन-तीन मिनिटं थांबून. शेवटचं आवर्तन संपल्यावर आणखी दोन निघाली असती, एवढा दम शिल्लक ठेवायचा. त्यानंतरच्या महिन्यात सेट दोनने कमी करून वाचलेला वेळ फेकीच्या व्यायामांना द्यायचा.

बिघडतं ते बहुतेक वेळा ट्रेनरच्या ठरलेल्या वेळापत्रकामुळे. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी हात: ही शरीरसौष्ठवाची आखणी झाली. जड बेंच प्रेसचा (बाकावर उताणं पडून छातीवरून बार ढकलणं) अतिरेक आणि पाठीकडे दुर्लक्ष झालं की खांदे पुढे ओढले जातात, हात वर नेताना खवाटा नीट फिरत नाही आणि फेकताना खांद्याच्या पुढच्या भागात कळ येते. बेंचऐवजी डंबेल प्रेस किंवा जोर घ्या. ढकलण्याच्या प्रत्येक सेटमागे ओढण्याचे दोन सेट ठेवा. पाठीवर बार घेऊन स्क्वॉट करताना फेकणारा खांदा ताणला जात असेल तर बार पुढे घ्या किंवा डंबेल छातीशी धरा.

ब्रेक आणि वळणासाठी घर

इथे उलट चित्र. कोकणातल्या बहुतेक जिममध्ये मेडिसिन बॉल भिंतीवर आपटू देत नाहीत, आणि घरी जांभ्याच्या चिऱ्याची भिंत आयती असते. गिलावा नसलेल्या भिंतीवर रबरी चेंडूची साल लवकर निघते, तेव्हा फेकण्याच्या जागी जुनी फळी टेकवा. घराच्या पातळ भिंतीपेक्षा गडग्याजवळ (कुंपणाची दगडी भिंत) उभं राहाल तर चेंडूची धडधड घरात पोचणार नाही, पण रचलेला सुटा गडगा नको, चिरे निखळतात. चेंडू 2 ते 3 किलोचा, मोठ्या अंगाच्या खेळाडूला 4. याहून जड घेतला की वळण मंदावतं आणि कमरेऐवजी हातच ढकलायला लागतात. भिंतीपासून मीटरभर अंतर, कूस भिंतीकडे, मागच्या पायावर भार, आधी कंबर वळते, मग हात. प्रत्येक बाजूला 5 फेकी, 3 सेट, प्रत्येक फेक जिवाच्या करारावर. वेग पडला की सेट संपला.

रोटेटर कफसाठी (खांद्याचे तेच छोटे स्नायू) कुशीवर आडवं व्हा, काखेत घडी केलेला टॉवेल, कोपर 90 अंशांत आणि हातात पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली. वर नेताना एक सेकंद, खाली आणताना तीन. 15 आवर्तनांचे 2 सेट. बँडने फेस पुल (समोर बांधलेला बँड चेहऱ्याकडे ओढणं) करतानाही परतीचाच वेग सांभाळायचा. घट्ट बँड घेतला की कंबर मागे जाते आणि खांद्याचं काम पाठ करते.

बँडची एक खास कोकणी अडचण: खोबरेल तेलाचे हात. तेलाने लॅटेक्स कुजतं, उन्हाने तडकतं. हात धुऊन बँड धरा, टाल्कम पावडर लावून डब्यात ठेवा आणि ताणण्याआधी भेगा तपासा, कारण तुटलेला बँड थेट डोळ्याकडे येतो. वाळूच्या पिशवीत पुळणीची (समुद्रकिनाऱ्याची) वाळू भरू नका. मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि पिशवीचं वजन बदलत राहतं. बांधकामाची वाळू पूर्ण सुकवून भरा. 20 किलोसाठी साधारण 12-13 लिटर लागते. दोन पायांच्या स्क्वॉटला ही पिशवी पाच-सहा आठवड्यांत हलकी वाटेल. मग मागचा पाय बाकावर ठेवून एका पायाने करा, आणखी दीड-दोन महिने निघतात. त्यापुढे मात्र घरची मर्यादा आली.

धावायचं कुठे

किनाऱ्यावर रोज पाच किलोमीटर धावण्याचा सल्ला गावात कुणीही देतो. पिचरला त्याचा फायदा थोडाच. मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली अव्वल व्यावसायिक बेसबॉल लीग) 2023 पासून बेस रिकामे असताना दोन फेकींमध्ये 15 सेकंद मिळतात. खेळाची लय तशी आहे, संथ दौडीची नाही. कोरड्या पुळणीत धावायला घट्ट जमिनीच्या सुमारे दीडपट ऊर्जा लागते, पण पाय रुततो आणि जमिनीवर जास्त वेळ राहतो, म्हणजे झटका मंदावतो. तिथे आडव्या सरकती आणि उड्या ठीक. वेगाचा सराव ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर: 27 मीटरच्या 6 धावा, मध्ये दीड मिनिट. किनारा उतरता असतो, म्हणून जातानाइतक्याच धावा येताना घ्या, नाहीतर एकाच पायावर ताण येतो.

हे सगळं ऑक्टोबरनंतर. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो, किनारा अरुंद होतो, लाटांचा भरवसा नसतो. पाखाडीच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथेही धावू नका. शाळेच्या व्हरांड्यात 10 मीटरचे सुरुवातीचे झटके पुरतात.

मग घ्यायचं काय?

आमची ढोबळ रेघ अशी: डेडलिफ्टमध्ये स्वतःच्या वजनाच्या दीडपट, म्हणजे 60 किलोच्या मुलाने 90 किलो, पाठ न वाकवता पाच वेळा उचलता येत नसेल तर पैसे जिममध्ये घाला आणि खांद्यासाठी फक्त बाटली-बँड ठेवा. तेवढं आधीच उचलता येतं पण चेंडूचा वेग वाढत नाही, त्याने मेडिसिन बॉल घ्यावा. चौदा वर्षांखालच्यांना जिमची घाई नको, जोर आणि एका पायाचे स्क्वॉट नीट होईपर्यंत घरच बरं. जिम पंधरा किलोमीटरवर आणि शेवटची एसटी सातची असेल, तर चुकणाऱ्या जिमपेक्षा नेमाने होणारं घर जिंकतं.

एका गटाला दोन्हींआधी वेगळी काळजी लागते: टेनिस बॉल क्रिकेटमधून आलेली मुलं. तो चेंडू 58 ग्रॅमच्या आसपास, बेसबॉल 142 ते 149 ग्रॅम. हात हलक्या चेंडूच्या वेगाला सरावलेला असतो आणि पहिल्याच आठवड्यात कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं. पाऊस ओसरल्यावर 15 मीटरवरून 25 फेकींनी सुरुवात, एक दिवसाआड, आणि अंतर आठवड्याला पाच मीटरने वाढवा. माउंडवर चार आठवड्यांनंतर. 17-18 वर्षांच्या पिचरला अमेरिकेतल्या पिच स्मार्ट नियमांत दिवसाला 105 फेकींची मर्यादा आहे, आणि 81 किंवा जास्त झाल्या की चार दिवस विश्रांती. त्या चार दिवसांतला जड पायांचा दिवस फेकीनंतर लगेच उरका, पुढच्या सामन्याच्या आधीचे 48 तास बारबेलला हात लावू नका.