क्लाउडवर टाकलेला एसबीसी : आठ महिने वापरून काय वाटलं ते

आधीच सांगतो, या एसबीसीचं (ऑफिसच्या फोन कॉलचा राखणदार, नीट पुढे सांगतो) नाव लिहीत नाहीये. एक तर ऑफिसचा करार आहे, आणि दुसरं म्हणजे जो त्रास झाला त्यातला निम्मा आमच्याच हातचा होता, उगाच सगळं एकाच्या माथी कशाला मारा. पण मी घ्यायच्या आधी मराठीत सोडा, इंग्रजीतसुद्धा कोणी सरळ भाषेत लिहिलेलं सापडलं नव्हतं, जे होतं ते सगळं सेल्सवाल्यांचं. म्हणून हा रिव्ह्यू. पाचपैकी साडेतीन स्टार, आणि कापलेला दीड का कापला ते पुढे.

तर, पुण्यात आमचं कॉल सेंटर, क्लायंट अमेरिकेतले, रात्रपाळी. सर्व्हर रूममध्ये जुना हार्डवेअर एसबीसी होता, फॅनचा आवाज असा की बाहेर बसलेल्याला वाटावं आत कोणी पिठाची गिरणी लावलीय. त्याची एएमसी संपली, नवीन कोटेशन आलं ते बघून मॅनेजर साहेब म्हणाले की सगळं क्लाउडवर जातंय तर हाच डबा का इथे. आणि मग माझ्या गळ्यात पडलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एसबीसी म्हणजे सेशन बॉर्डर कंट्रोलर. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन समजा. फोनचा प्रत्येक कॉल त्याच्यासमोरून जाणार, पाहुणा कोण, कोणाकडे आलाय, यादीत नाव आहे का हे तो बघणार, आणि आपला वॉचमन करत नाही अशी एक गोष्ट हा करतो, पाहुण्याला फ्लॅट नंबर कळूच देत नाही, स्वतः मध्ये उभा राहून इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे देतो. साधा फायरवॉल हे करू शकत नाही, कारण एसआयपीमध्ये (म्युच्युअल फंडवाली नव्हे, इंटरनेटवरून कॉल जोडायची-तोडायची भाषा) पत्ता पाकिटावर असतोच पण आतल्या चिठ्ठीतही लिहिलेला असतो, आणि साधा फायरवॉल चिठ्ठी उघडून बघत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचा सगळा तमाशा त्या चिठ्ठीचाच आहे.

आम्ही एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनचं क्लाउड) मुंबई रीजनमध्ये टाकला. त्यांच्या मार्केटप्लेसमधून इमेज, म्हणजे सॉफ्टवेअरची तयार प्रत, घेतली, मशीन सुरू केलं, वीस मिनिटांत लॉगिन स्क्रीन. ब्रोशरमध्ये ‘अर्ध्या तासात तयार’ लिहिलंय ते खोटं नाही, फक्त तयार म्हणजे लॉगिन स्क्रीन दिसणं एवढंच. पहिला कॉल नीट लागायला आम्हाला अकरा दिवस लागले.

पहिली अडचण नेटवर्क कार्डांची. याला चार लागतात, एक मॅनेजमेंटला, एक बाहेरच्या बाजूला, एक आतल्या बाजूला आणि एक जोडीदार मशीनशी (एक मेलं तर दुसरं, म्हणून जोडी) बोलायला. आम्ही पैसे वाचवायला सी५ लार्ज या साइजचं भाड्याचं मशीन घेतलेलं, त्याला तीनच कार्ड लागतात, चौथं जोडायला गेलं की सरळ नाही म्हणतं, म्हणजे सी५ एक्सलार्ज घेणं आलं, म्हणजे भाडं दुप्पट. बरं, घेतलं. तर कार्ड जोडायचा क्रम माझा चुकला, आणि हा बाबा क्रमावरून ठरवतो कुठलं कार्ड कशाचं, त्यामुळे व्हॉइसचा ट्रॅफिक जोडीदाराच्या कार्डावर, आणि मी तीन तास रूटिंग तपासतोय. मॅन्युअलमध्ये हे आहे, पान दीडशेच्या पुढे कुठेतरी एका टीपेत. ही गोष्ट पहिल्या पानावर लाल अक्षरात पाहिजे होती. इथे अर्धा स्टार गेला.

आता बत्तीस सेकंदांची गोष्ट.

टेस्टिंगच्या रात्री इनबाउंड (बाहेरून आत येणारा) कॉल लागतोय, आवाज दोन्हीकडून स्वच्छ, आम्ही खूश, चहा मागवला. तेवढ्यात कॉल कट. परत लावला, परत कट. आमचा ज्युनिअर मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बसला आणि दर वेळी तेच, ‘सर, बत्तीस. परत बत्तीस.’ कॅरिअरवाले (फोनची लाइन देणारी कंपनी) म्हणतात आमच्याकडे सगळं ग्रीन आहे. आउटबाउंडला दुसरंच काहीतरी, तिकडच्या गिऱ्हाईकाने फोन ठेवला तरी आमच्या एजंटच्या स्क्रीनवर कॉल चालूच, पोरगी हॅलो हॅलो करत बसलेली.

झालं असं होतं की क्लाउडमध्ये मशीनला स्वतःचा पब्लिक आयपी माहीतच नसतो. त्याच्या कार्डावर १० ने सुरू होणारा प्रायव्हेट आयपी, आणि बाहेरचा पब्लिक आयपी (त्यांच्या भाषेत इलॅस्टिक आयपी) एडब्ल्यूएस वरच्या वर बदलून देतं. पाकिटावरचा पत्ता बदलतो पण आतल्या चिठ्ठीत प्रायव्हेटच राहतो. आवाजाचा पत्ता ज्या ओळीत असतो ती आम्ही दुरुस्त केलेली, म्हणून आवाज नीट येत होता. पण कॉन्टॅक्ट हेडरमध्ये, म्हणजे ‘पुढचे निरोप इथे पाठवा’ सांगणाऱ्या ओळीत, तोच १० वाला पत्ता जात होता. आम्ही कॉल उचलला की ‘२०० ओके’ जाणार, त्यावर समोरून ‘ॲक’ (मिळालं अशी पोच) यायला पाहिजे, तो बिचारा कॅरिअर त्या प्रायव्हेट पत्त्यावर पाठवतोय जो इंटरनेटवर कुठेच नाही. आमचा एसबीसी परत परत ‘२०० ओके’ पाठवतो आणि शेवटी कंटाळून कॉल तोडतो. किती वेळाने कंटाळायचं हे २००२ च्या एसआयपी स्टँडर्डमध्येच लिहिलंय, अर्धा सेकंद गुणिले चौसष्ट, म्हणजे बरोबर बत्तीस. आणि आउटबाउंडला समोरचा ‘बाय’ (फोन ठेवल्याचा निरोप) त्याच नसलेल्या पत्त्यावर जात होता, म्हणून कॉल लटकलेला. दोन वेगळे रोग वाटत होते, औषध एकच निघालं, एका चेकबॉक्सवर टिक. तो चेकबॉक्स सिग्नलिंगसाठी (कॉल जोडायचे-तोडायचे निरोप) वेगळा आणि मीडियासाठी (आवाज) वेगळा का ठेवलाय हे मला अजून कळलेलं नाही.

पण हे शोधून काढलं ते याच प्रॉडक्टमधल्या कॉल ट्रेसमुळे, त्याचं कौतुक करायलाच पाहिजे. कॉलवर क्लिक केलं की दोन्ही बाजूंचे मेसेज शिडीसारखे दिसतात, कुठला बाण गेला, कुठला परत आलाच नाही, रंगासकट. जुन्या डब्यावर हेच करायला पॅकेट कॅप्चर घ्या, लॅपटॉपवर आणा, वायरशार्क नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, फिल्टर लावा, असा अर्धा तासाचा सोहळा असायचा. ही एक स्क्रीन नसती तर अजून अर्धा स्टार गेला असता.

सिक्युरिटीबद्दल, कारण हा डबा त्यासाठीच असतो. एका संध्याकाळी टेस्टिंगसाठी म्हणून ५०६० पोर्ट (एसआयपीचा नेहमीचा दरवाजा) सगळ्या जगाला उघडा ठेवला (हो, मीच). चहा पिऊन येईपर्यंत लॉग भरलेला. ‘फ्रेंडली स्कॅनर’ नावाने रजिस्टरच्या रिक्वेस्ट (मी तुमचाच फोन आहे, नोंद करा), १००, १०१, १०२ अशी एक्स्टेंशन ओळीने, आणि दुसरा कोणीतरी परदेशी नंबरच्या आधी ९, मग ००, मग ०११ लावून बघतोय कुठल्या प्रीफिक्सने बाहेरचा कॉल लागतो. एकदा लागला की रात्रभरात हजारो मिनिटं महागड्या देशांत जातात आणि बिल तुमच्या नावावर. एसबीसीने सगळे हाकलले, आणि नुसते नाकारले नाहीत तर गुपचूप टाकून दिले, म्हणजे समोरच्याला इथे कोणी आहे हेच कळत नाही, हे मला आवडलं. तरी नंतर सिक्युरिटी ग्रुपमध्येच (एडब्ल्यूएसचा स्वतःचा फायरवॉल) फक्त कॅरिअरचे आयपी ठेवले. वॉचमन चांगला आहे म्हणून गेट उघडं ठेवायचं नसतं.

पण तिथेही एक मार खाल्ला. कॅरिअरचे सिग्नलिंगचे आयपी वेगळे आणि आवाजाचे वेगळे, आवाजाचे तर चार सबनेट, म्हणजे पत्त्यांचे सलग गट. मी तीनच टाकले, चौथं ईमेलच्या दुसऱ्या पानावर होतं. दोन दिवस दर चौथा-पाचवा कॉल मुका. मुका कॉल सगळ्यात वाईट, कारण डॅशबोर्डवर तो यशस्वी म्हणून मोजला जातो.

हाय अव्हेलेबिलिटी. दोन मशीन, एक मेलं की दुसरं उभं राहणार. सर्व्हर रूममध्ये हे सोपं असतं, दुसरा डबा नेटवर्कवर ओरडतो ‘आता हा पत्ता माझा’ आणि स्विच ऐकतो. क्लाउडमध्ये असं ओरडून चालत नाही, तिथे रीतसर अर्ज करावा लागतो, म्हणजे एडब्ल्यूएसच्या एपीआयला (प्रोग्रॅमने हुकूम द्यायची खिडकी) सांगायचं की बाबा हा आयपी त्या कार्डावरून काढून या कार्डाला लाव. त्यासाठी आयएएम रोल, म्हणजे तसं करायची परवानगी, पाहिजे, तो आम्ही दिला. पण मॅनेजमेंटचं सबनेट आम्ही पूर्ण बंदिस्त ठेवलेलं, त्यातून एपीआयपर्यंत रस्ताच नव्हता! टेस्टच्या वेळी पहिलं मशीन बंद केलं, दुसरं दिमाखात ‘ॲक्टिव्ह’ झालं, आयपी मात्र मेलेल्या मशीनवरच. व्हीपीसी एंडपॉइंट (बंदिस्त नेटवर्कमधून एपीआयपर्यंतचा आतला रस्ता) लावल्यावर चाललं. आता पलटायला आमच्याकडे १० ते १५ सेकंद लागतात, चालू कॉल तुटत नाहीत पण तेवढा वेळ शांतता, आणि फोनवर पंधरा सेकंदांची शांतता म्हणजे निम्मी गिऱ्हाईकं फोन ठेवतात. शिवाय सबनेट एकाच झोनमध्ये (रीजनमधला डेटा सेंटरचा एक वेगळा गट) असतं आणि आपली ही जोडी एकाच सबनेटमध्ये, त्यामुळे अख्खा झोन गेला तर दोन्ही एकदमच जाणार. सेल्सवाला यावर विषय बदलतो. इथे दुसरा अर्धा स्टार.

खर्चाचं थोडं, कारण ‘क्लाउड स्वस्त’ हे डोक्यात बसलेलं असतं. जी.७११ चा (फोनवरच्या आवाजाचा जुना, नेहमीचा फॉरमॅट) एक कॉल एका दिशेला ८० केबीपीएस खातो, म्हणजे तासाला ३६ एमबी. एसबीसी मध्ये उभा असल्यामुळे एजंटचा आवाज तिकडे आणि गिऱ्हाईकाचा आवाज इकडे, दोन्ही क्लाउडमधून बाहेर जातात आणि बाहेर जाणाऱ्यालाच पैसे लागतात, म्हणजे कॉलच्या तासाला ७२. शंभर कॉल आठ तास चालले की दिवसाला साधारण ५८ जीबी. फार मोठी रक्कम नाही पण कोटेशनमध्ये ही ओळ कोणीच टाकलेली नव्हती. पब्लिक आयपीलाही फेब्रुवारी २०२४ पासून तासाला अर्धा सेंट लागतो, वापरा नाहीतर नुसता धरून ठेवा.

आणि ट्रान्सकोडिंग, म्हणजे आवाज एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात बदलणं. जुन्या डब्यात त्यासाठी वेगळी डीएसपी चिप होती, इथे सगळं सीपीयूवर. डेटाशीटमधला कॉलचा आकडा ट्रान्सकोडिंग नसताना धरलेला असतो, आमचे सॉफ्टफोन (कॉम्प्युटरवरचे फोन) ओपस या दुसऱ्या फॉरमॅटवर आणि कॅरिअर जी.७११ वर होता तेव्हा ऐंशी कॉललाच आवाज फाटायला लागला. सॉफ्टफोनच जी.७११ वर सक्तीने आणले, सीपीयू निवांत. आणि कृपया टी सिरीजचं मशीन यासाठी घेऊ नका, त्याचं सीपीयू क्रेडिटवर चालतं, म्हणजे पूर्ण वेग थोडा वेळच, वेबसाइटला चालून जातं, पण इथे प्रत्येक कॉलची सेकंदाला ५० पॅकेट एका दिशेला वेळेवर गेलीच पाहिजेत.

ज्यांचे कॉल भारतातल्याच नंबरांवर जातात त्यांनी आधी कंप्लायन्सवाल्याशी बोला. ओएसपीचं (‘अदर सर्व्हिस प्रोव्हायडर’, सरकारी भाषेत कॉल सेंटरवाले) रजिस्ट्रेशन नोव्हेंबर २०२० मध्ये गेलं, जून २०२१ मध्ये अजून सैल झालं, पण टोल बायपास (इंटरनेटवरून आणलेला कॉल साध्या फोन नेटवर्कमध्ये घुसवून लांबच्या कॉलचे पैसे चुकवणं) चालत नाही तो नाहीच, आणि क्लाउडमध्ये एका रूटच्या चुकीने तो नकळत होऊ शकतो.

आता सपोर्ट आणि लायसन्स, राहिलेला अर्धा स्टार इथे. लायसन्स मशीनच्या सीरियलला बांधलेलं. एका शनिवारी मी मशीन नव्याने बांधलं (क्लाउडचा फायदाच तो ना), सीरियल बदललं, लायसन्स गेलं, तीन कॉलच्या वर चौथा लागेना. सपोर्टला तिकीट टाकलं तर पहिलं उत्तर ‘कृपया रीस्टार्ट करून बघा’, दुसरं ‘लॉग पाठवा’, तिसरं सोमवारी सकाळी. जोडीदार मशीन चालू होतं म्हणून वाचलो.

मग आता आठ महिन्यांनी कसं आहे? खरं सांगायचं तर चालू आहे हेच विसरायला होतं. नवीन व्हर्जन आलं की शेजारी तिसरं मशीन उभं करतो, दोन दिवस टेस्ट कॉल त्यावरून, पटलं तर घ्यायचं, नाहीतर पुसून टाकायचं, जुन्या डब्यावर अपग्रेड म्हणजे देव पाण्यात घालून बसायचो. पण एसआयपीचा ट्रेस वाचता येणारा एक तरी माणूस घरचा पाहिजे. तीस-चाळीस सीटचं ऑफिस असेल आणि असा माणूस नसेल तर यात पडू नका, कॅरिअरकडूनच मॅनेज्ड घ्या, महिन्याला चार पैसे जास्त गेले तरी रात्री झोप लागेल.

आमचं रिन्यूअल मार्चमध्ये आहे. सेल्सवाल्याने २०० सेशन (एका वेळचे कॉल) गळ्यात मारलेली, रिपोर्टमध्ये पीक एकदाही १३० च्या वर गेलेलं नाही. या वेळी १५० च घेणार, रिपोर्टची प्रिंट काढून ठेवलीय.